चाळिशीतले रंगकाम

मराठी भाषेने बायकांच्या साजशृंगारासाठी जी क्रियापदे राखून ठेवली आहेत, ती एकदा ओळीने मांडून पाहण्यासारखी आहेत. कुंकू लावतात, कोर रेखतात, काजळ घालतात, गजरा माळतात. इथपर्यंत सारे सोज्वळ आहे. पण पावडरीची वेळ आली की ती थापतात, क्रीम चोपडतात आणि ओठांना रंग फासतात. गोवऱ्या थापतात, खरजेवर मलम चोपडतात आणि धिंड काढायच्या माणसाच्या तोंडाला काळे फासतात, हे वाचकांना ठाऊकच आहे. हेच काम नाटकमंडळींच्या रंगपटात झाले की मात्र त्याला रंगभूषा म्हणायचे! भूषा म्हणजे अलंकार. रंग तोच, आरसाही तसाच. नटाच्या तोंडावर चढला तर कला, आणि चारचौघींसारख्या बाईच्या तोंडावर चढला तर नट्टापट्टा. 'नटवी' या शब्दात तर नटणे आणि वागणूक यांची अशी गाठ मारून ठेवली आहे, की एकीचा उल्लेख झाला की दुसरीबद्दल शंका ही यायलाच हवी.

अशा भाषेत वाढलेली आणि तिच्यावरच पोट भरणारी मी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तोंडाला रंग लावायला शिकले. रीतसर शिकले, फी भरून, वही घालून, आठवड्यातून दोन संध्याकाळी, चार महिने. महाविद्यालयात मराठी शिकवण्यात माझी बावीस वर्षे गेली. या सगळ्या काळात माझे प्रसाधन म्हणजे एक टिकली आणि घाई नसेल त्या दिवशी पावडरीचा एक हात. आमच्या घरात याहून अधिकाची चाल नव्हती. आजीची एक फणेरपेटी होती. हल्लीच्या मुलींना हा शब्दही सांगावा लागतो. लाकडी पेटी, झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा, आत कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, फणी. मेणाचे बोट कपाळाला लावायचे, त्यावर पिंजर टेकवायची, कडा पुसून घ्यायच्या, झाले. त्या पेटीतला आरसा केवढा, तर तळहाताएवढा. कपाळ पाहिले की हनुवटी दिसत नसे, आणि हनुवटी पाहायची आजीला गरजच पडत नसे. आईच्या काळात पावडरीचा डबा आला आणि स्नोची बाटली आली. (मुंबईच्या पाटणवालांचा 'अफगाण स्नो' हा १९१९ सालचा, आईच्या लग्नापर्यंत तो चांगला मुरलेला होता.) पण चेहऱ्याकडे सगळा मिळून एकदम पाहायचे असते, ही कल्पना आमच्या घरात कुणाला शिवली नव्हती.

ती मला शिवली, नव्हे भोवली, ती एका चित्रीकरणामुळे. २०२० सालच्या टाळेबंदीत सगळ्यांनाच पडद्यावरून शिकवावे लागले. तेव्हा कोपऱ्यातल्या चौकोनात आपलाच चेहरा तास तास दिसत राहायचा; पण तो आगपेटीएवढा असल्यामुळे निभावले. पुढे काही वर्षांनी एका संस्थेने संतसाहित्यावरची माझी व्याख्याने नीट चित्रित करायचे ठरवले. दिवे लागले, यंत्रे लागली, आणि यंत्रामागच्या गृहस्थांनी कुणाला तरी फर्मावले, "मॅडमना जरा उजळ करा." कुणीतरी एक डबी उघडून माझ्या तोंडावरून भराभर स्पंज फिरवला. महिन्याने ते चित्रण पाहिले. नामदेवांवर बोलणाऱ्या त्या बाईंचा गळा तपकिरी होता, हात तपकिरी होते आणि चेहरा मात्र चुलीतल्या राखेचा. मी आमच्या यजमानांना विचारले, "हे काय झालंय?" ते म्हणाले, "आवाज चांगला आलाय."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सांगलीच्या बाजारात माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. मराठीत तिला कधी चाळिसाच्या वर गुण मिळाले नव्हते, आणि तिनेही त्याचे कधी वाईट वाटून घेतले नव्हते. आता विश्रामबागेत तिचे स्वतःचे पार्लर आहे. खाली पिठाची गिरणी, वर ही. मेथीची जुडी पिशवीत टाकत ती म्हणाली, "मॅडम, तुमचं रेकॉर्डिंग बघितलं. एक विचारू? तुमच्या तोंडाला ते कुणी लावलं हो?" आणि मग, मी काही बोलायच्या आत, "या की आमच्याकडे. मंगळवार-शुक्रवार क्लास असतो."

गेले. वर्गात एकंदर सात जणी. सहा जणी अठरा ते बावीस वयाच्या, या विद्येवर पुढे पोट भरणाऱ्या, आणि सातवी मी. पहिल्या दिवशी मुली मला एखाद्या मुलीची आई समजल्या आणि 'काकू, तुम्ही तिकडं बसा' म्हणून भिंतीकडची खुर्ची त्यांनी दाखवली. मग शिक्षिकेने डोळे वटारले आणि मी पुन्हा 'मॅडम' झाले. गुरुशिष्यांच्या नात्याची ही उलटापालट मोठी मौजेची होती. "मॅडम, हात जड आहे तुमचा. खडूनं फळ्यावर लिहिताय व्हय? हलका सोडा." बावीस वर्षे जिला 'अक्षर सुधार' म्हणून सांगावे, अशांच्या पिढीतली एक मुलगी आता माझ्या भुवयांची रेघ खोडून 'परत काढा' म्हणत होती.

उशिरा शिकायला लागणाऱ्या बाईची पहिली अडचण कुठली, तर ती शोभेची नसून नेत्रवैद्यकाची आहे. मराठीने इथे मोठा मार्मिकपणा दाखवला आहे. चाळीस ते पन्नास या वयालाही चाळिशी म्हणायचे आणि त्या वयात नाकावर बसणाऱ्या चष्म्यालाही चाळिशी म्हणायचे. डोळ्यातले भिंग या सुमारास ताठर होत जाते आणि जवळचे अंधुक दिसू लागते. आता पाहा : पापणीच्या कडेला रेघ ओढायची तर चष्मा हवा, आणि चष्मा घातला तर पापणी काचेआड! सहा मुली पाच मिनिटांत दोन्ही डोळे रेखून मोकळ्या व्हायच्या आणि मी चष्मा काढ-घाल करीत एका डोळ्यावरच. शेवटी तिने मला एक विलक्षण वस्तू आणून दिली. तो चष्माच, पण त्याला काच एकच. ती खाली पडते आणि डाव्या-उजव्या डोळ्यासमोर फिरवता येते. एका डोळ्याने पाहायचे आणि दुसरा रंगवायचा. कुठल्या कुशाग्र बाईने किंवा बुवाने ही युक्ती काढली कोण जाणे, पण त्यांना चाळिशी लागलेली होती एवढे नक्की. वाचकभगिनींपैकी ज्यांना हे यंत्र नको असेल त्यांनी मोठे करून दाखवणारा आरसा घ्यावा, मात्र त्यात रोज सकाळी स्वतःला पाहायला मन घट्ट लागते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वाचायच्या चष्म्याच्या बहिर्गोल काचेतून आपला डोळा समोरच्याला मोठा दिसतो, आणि त्याबरोबर काजळाची वाकडी रेघही मोठी दिसते. लांबचे न दिसणाऱ्यांचे डोळे काचेआड लहान दिसतात. त्यांचे सगळे खपून जाते.

दुसरी अडचण त्वचेची. विशीतल्या मुलीच्या गालावर पावडर बसते. आमच्या गालावर ती सुरकुत्या शोधत जाते आणि सापडल्या की त्यांत घर करते. म्हणून आमच्यासाठी नियम निराळे. आधी ओलावा देणारे क्रीम, मग ते जिरेपर्यंत थांबणे (या वेळात मी उत्तरपत्रिका तपासते, एक प्रश्न तपासून होतो), मग रंग थोडा, आणि पावडर फक्त नाकाच्या शेंड्याला व कपाळाला. डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवर आधी नारिंगी लावायचे, हे ऐकून मी थक्क झाले. पण ते खरे आहे. ती वर्तुळे मुळात निळसर-करडी असतात, आणि निळ्याला नारिंगी मारतो. गोरा रंग नुसता वरून लावला की निळे आणि पांढरे मिळून राख होते. सावळ्या माणसाच्या डोळ्यांखाली पांढरे लावणाऱ्याने पुन्हा एकदा चित्रकलेच्या वर्गात बसावे.

लिपस्टिकच्या बाबतीत माझी भीड एका निराळ्याच कारणाने चेपली. ही कांडी कशाची करतात म्हणून मी चौकशी केली. मेण, रंग आणि तेल. आणि कितीतरी लिपस्टिकांत ते तेल कोणते, तर एरंडेल! लहानपणी महिन्यातून एका रविवारी आजी नाक दाबून जे पाजायची, तेच. 'एरंडेल प्यायल्यासारखे तोंड' हा वाक्प्रचार मी वर्गात किती वेळा समजावून दिला असेल. त्याच तोंडाला शोभा आणायला एरंडेलच लागते, हे विधिलिखित मला फार आवडले. आणि ज्या लॅक्मेच्या नावाने आमच्या पिढीच्या आया कुजबुजत, ती टाटांनी १९५२ साली काढलेली कंपनी. लॅक्मे हे एका फ्रेंच संगीतिकेचे नाव, आणि ते तरी काय, लक्ष्मी या नावाचाच फ्रेंच उच्चार. एरंडेल आणि लक्ष्मी! याहून घरगुती दुसरे काय असणार?

पण या चार महिन्यांतला जो खरा धडा, तो तिसऱ्या आठवड्यात झाला.

त्या दिवशी चेहऱ्याला लावायच्या मूळ रंगाची, म्हणजे फाउंडेशनची, निवड होती. तिने मला ट्यूबलाइटखालून उठवून खिडकीशी नेले. "लाइटखाली सगळे रंग खोटं बोलतात, मॅडम." हाताच्या पाठीवर लावून पाहायची मला सवय, तिने माझा हात बाजूला केला. "हात उन्हात असतो. जबडा सावलीत." मग चार बाटल्यांतून चार बोटे घेऊन तिने माझ्या जबड्याच्या कडेवर चार उभ्या रेघा ओढल्या आणि मला दहा मिनिटे बसवून ठेवले, कारण काही रंग हवा लागली की थोडे काळवंडतात. खाली गिरणी चालू होती; खिडकीच्या गजांवर पिठाचा हलका थर होता. दहा मिनिटांनी तिने आरसा हातात दिला.

"किती रेघा दिसतात?"

"तीन."

"चौथी कुठं लावली होती?"

मी जबडा इकडे वळवला, तिकडे वळवला. चौथी सापडेना.

"जी दिसत नाही ती तुमची," ती म्हणाली, आणि बाटलीवर माझे नाव लिहायला चिकटपट्टी शोधू लागली.

मी खिडकीशी बराच वेळ आरसा धरून बसून राहिले. ते का, हे सांगायचे तर मला आधी माझ्या रंगाचे मराठी सांगितले पाहिजे.

गोरीपान, गोरीगोमटी, केतकीच्या रंगाची, उजळ, निमगोरी, गहूवर्णी, सावळी, काळीसावळी, काळी, काळीकुळकुळीत, काळीकुट्ट, काळीठिक्कर, काळीबेंद्री. ही उतरंड मी कधी कोशात शोधली नाही; मला ती घरात आणि शेजारीपाजारी पाठ झाली. तिच्यावर मी कुठल्या पायरीवर उभी आहे हे बोलणाऱ्याच्या मायेवर अवलंबून असे. आई 'गहूवर्णी' म्हणे, आत्या 'सावळी' म्हणे आणि समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई माझे नाव न घेता 'ती काळी' म्हणत. गंमत अशी की हीच भाषा काळ्यावर जीवही टाकते. शेतकऱ्याची जमीन ती काळी आई. गावाची वस्ती ती पांढरी, पण पोसते ती काळीच. पहिल्या संक्रांतीला नवी सून काळी चंद्रकळा नेसते. पंढरपूरच्या सावळ्या विठोबाच्या पायांवर डोके टेकायला माणसे पायी चालत जातात. महाभारतातली द्रौपदी तर वर्णावरूनच कृष्णा. माती काळी चालते, लुगडे काळे चालते, देव काळा चालतो. अडते ते सुनेपाशी. मग तेथे भाषा लगेच पवित्रा बदलते. प्रामाणिक माणूस उजळ माथ्याने फिरतो आणि नको असलेल्या माणसाला आपण तोंड काळे करायला सांगतो.

२००३ साली, माझ्या चोविसाव्या वर्षी, मला पाहायला येऊ लागले. त्या काळात माझे एम. ए. झाले होते, गुण उत्तम होते, आणि आत्याच्या मते या दोहोंचा उपयोग पावडरीखेरीज शून्य होता. कार्यक्रमाच्या आधी ती मला मोरीजवळच्या आरशापुढे बसवी आणि डब्यातली पावडर तळहातावर घेऊन थापी. होय, थापी, येथे दुसरे क्रियापद चालणार नाही. "मानेला लाव, मानेला लाव," म्हणून आई मागून कुजबुजे. एका स्थळाकडून आलेला निरोप अजून शब्दशः आठवतो : मुलगी सुस्वभावी आहे, परंतु फोटोत आणि प्रत्यक्षात फरक आहे. फरक होताच, फोटो काढणाऱ्याने तो आपल्या हुशारीने घालून दिला होता. पुढे वाचनात आले की कोडॅकने फोटो धुणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवायला जी नमुनाचित्रे दिली, त्यांत कित्येक वर्षे एक गोरी बाई असे, आणि ती चित्रे 'शर्ली' या नावाने ओळखली जात. तिचा रंग नीट आला की सगळे नीट आले! म्हणजे शर्लीबाई तिकडे अमेरिकेत, आणि निरोप आला सांगलीत.

म्हणून ती न दिसणारी चौथी रेघ. माझ्या तोंडाला आजवर जे जे लागले होते, ते मी जी नाही ती दिसावे म्हणून लागले होते. हा पहिलाच रंग असा, की जो लावल्यावर दिसू नये म्हणून बनवला होता, आणि कुठल्यातरी कारखान्यात कुणीतरी तो मोजूनमापून, बाटलीत भरून, वर आकडा छापून ठेवला होता. माझा रंग 'गोरेपणाला कमी' असा नव्हता. तो एक रंग होता. त्यात काय काय असते हेही तिने सांगितले. लोखंडाचे तीन गंज : एक पिवळा, एक तांबडा, एक काळा; आणि जोडीला टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा. सगळ्या माणसांची कातडी या चौघांच्या कमीजास्त प्रमाणात बसते. त्यातला तांबडा म्हणजे गेरूच की! दिवाळीत आपण तुळशीवृंदावनाला लावतो तो. माझी राख झाली होती ती चौथ्याच्या अतिरेकाने. "आणि तुमच्यात पिवळा जास्त आहे," ती म्हणाली. तिने माझे मनगट उलटे करून शिरा दाखवल्या. हिरवट दिसल्या तर झाक पिवळी, निळसर दिसल्या तर गुलाबी. "म्हणून तुम्हाला मोतिया रंगापेक्षा हळदी रंग खुलतो. आईनं सांगितलं नव्हतं?" आईने गुलाबी नेसायला सांगितले होते, गुलाबीत मुलगी उजळ दिसते म्हणून.

अर्थात बाटल्यांवरच्या नावांबद्दल माझी भाषाशिक्षकाची तक्रार आहेच. गोऱ्या छटा हस्तिदंताच्या आणि चिनी मातीच्या, सावळ्या छटा मधाच्या, कॅरामेलच्या, कॉफीच्या आणि चॉकलेटच्या. एक कपाटात ठेवायची, दुसरी खायची. (गहूवर्णी म्हणणाऱ्यांनी मात्र येथे हसू नये.) शिवाय छटा मिळायलाही हव्यात. २०१७ साली रिहाना या गायिकेने आपली प्रसाधने एकदम चाळीस छटांत बाजारात आणली, तेव्हा जगभर त्याचा बोलबाला झाला. यावरूनच आधी काय होते ते कळते. आपल्याकडे १९७५ सालापासून 'फेअर' हा शब्द नावात मिरवणाऱ्या क्रीमने २०२० साली तो टाकला आणि त्याच साली विवाह जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने वर्णानुसार स्थळे चाळण्याची सोय काढून टाकली. सोय गेली, चाळणारे कुठे जायचे आहेत?

या विद्येचे आणि आमच्या गावाचे नाते जुने आहे, हे मला शिकता शिकता उमगत गेले. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच सांगलीत 'सीतास्वयंवर' उभे केले, तेव्हा सीतेच्या तोंडाला रंग लागला तो पुरुषाच्या. पुढे बालगंधर्वांनी स्त्रीपात्रे अशी नटवली, की घरंदाज बायका त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या. म्हणजे बाईने कसे दिसावे हे पुरुषाच्या चेहऱ्यावरून ठरले, आणि तेव्हा 'नटवी' हा शब्द कुणाला आठवला नाही. याचे शेपूट फार लांबवर गेले. मुंबईच्या सिनेसृष्टीत रंगभूषाकारांच्या संघटनेचे नियमच असे होते, की बाईने फार तर केस करावेत. चेहऱ्याला हात लावायचा तो पुरुषाने. चारू खुराना आणि त्यांच्या सहकारी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायालयाने हा भेद बेकायदा ठरवला. मी हे वर्गात सांगितले तेव्हा सहाही मुलींनी हातातले कुंचले थांबवले. त्यांचा विश्वासच बसेना. एकीने विचारले, "मग त्याच्या आधी हिरॉइनचं लग्न असेल तर?" प्रश्न कायद्यात बसत नव्हता, पण रास्त होता.

चौथ्या महिन्यात माझा हात बसला. आता सकाळी मला सात मिनिटे लागतात. काजळ मी सगळ्यांत शेवटी घालते. कालिदासाने 'कुमारसंभवा'च्या सातव्या सर्गात पार्वतीला नटवले आहे, तिथे तिच्या डोळ्यांना काजळाने शोभा यायची नव्हती, ते केवळ मंगल म्हणून घातले असे तो सांगतो. हे मला पटते. पण बायकांच्या वेषभूषेचे फळ म्हणजे प्रियकराची नजर, असे जे तो पुढे म्हणून जातो, त्याला आमच्या घरचा पुरावा प्रतिकूल आहे. मी पहिल्यांदा सारे नीट जमवून बाहेर आले, तेव्हा यजमान वर्तमानपत्राआडून म्हणाले, "आज झोप बरी लागलेली दिसते." कॉलेजात सहकारी बाईंनी 'आज काही विशेष?' म्हणून विचारले. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. तिने माझा चेहरा जवळ ओढून नीट पाहिला आणि म्हणाली, "पावडर लावायला विसरलीस वाटतं."

शिक्षिकेशी माझा वाद झाला तो मात्र खडाजंगीचा. एका संध्याकाळी मी वर्गासाठी लवकर गेले, तर खुर्चीवर लग्नाची मुलगी. सावळी, तेजस्वी डोळ्यांची. तिची आई शेजारी उभी राहून बजावत होती, "दोन शेड उजळ करा हं." आणि माझी ही विद्यार्थिनी, जिने मला खिडकीशी नेऊन माझा रंग शोधून दिला, ती मुकाट्याने दोन छटा वरची बाटली हलवीत होती. त्या दोघी गेल्यावर मी तिला फैलावर घेतले. ती स्पंज धूत म्हणाली, "मॅडम, तुमचा पगार एक तारखेला येतो. माझा मार्गशीर्षात येतो. पौषात कोण लग्न करतंय?" मी म्हटले, निदान नाही म्हणून तर बघ. "बघितलंय की. नाही म्हटलं तर ती बाई पुढच्या चौकात जाते. तिथं चार शेड उजळ करतात. मी दोनच करते." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. संतसाहित्यात तर नव्हतेच.

पण ती मुलगी चाळिसाच्या आत गुण मिळवणारी असली तरी स्वस्थ बसणारी नव्हे. पुढच्या लग्नसराईत तिने आपली एक रीत पाडली. लग्नाच्या आठ दिवस आधी वधूला आणि तिच्या आईला बोलवायचे, आणि अर्ध्या चेहऱ्याला तिचा रंग, अर्ध्याला आईने मागितलेला रंग लावून, नाकावरून सरळ रेघ आखल्यासारखी मुलगी खिडकीशी उभी करायची. निर्णय त्यांचा. काहीजणी उजळ बाजूच घेतात. ती काही न बोलता तसे करून देते. मी एकदा मुद्दाम बसून राहिले. त्या दिवशी आई मिरजेची होती, करारी, हातात निमंत्रणपत्रिकांची पिशवी. मुलगी खिडकीकडे वळली. उजवा गाल उजळ, डावा तिचा. बाई कधी इकडून पाहत, कधी तिकडून. खाली गिरणी बंद झाली तशी खोलीत एकदम शांतता झाली.

"या बाजूनं," डाव्या गालाकडे बोट दाखवीत त्या म्हणाल्या, "अगदी तिच्या आजीसारखी दिसते हो." आणि लगेच, "पण फोटोत?"

"फोटोवाल्याशी मी बोलते," माझी विद्यार्थिनी म्हणाली, आणि कापूस भिजवून उजवा गाल पुसू लागली.